सुप्याचे पाहुणे

संगमनेरच्या डॉक्टरांनी शांतवन अमोलिकांच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला सगळ्यात आधी दिसली ती त्यांची लेक हेलन. त्यांनी तिला जरा वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, तू म्हातारी झालीस की गं. मला कोणी सांगितलंच नाही."

हेलनला ते लागलं. ती एकोणसाठ वर्षांची होती, मागच्याच वर्षी कोल्हारच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, आणि तिच्या तोंडावर असं बोलायची सबंध गावात कोणाची छाती नव्हती. पण बापाच्या नव्या डोळ्याशी काय भांडणार?

"आता मला धरण दाखवा," शांतवन म्हणाले.

"कोणतं धरण, बाबा?"

"भंडारदरा. इतकी वर्षं सगळं ताकातून बघितल्यासारखं दिसत होतं. आता डोळा उघडलाय तर भरलेलं पाणी बघू द्या. तुमची तोंडं काय, घरी गेल्यावर बघायचीच आहेत."

म्हणून बुधवारच्या त्या दुपारी, कोणी काही ठरवलेलं नसताना, अमोलिकांची गाडी कोल्हारकडे वळायच्या ऐवजी अकोल्याच्या रस्त्याने डोंगराकडे निघाली. गाडी हेलनच्या धाकट्या भावाची, जस्टिनची. तो सुप्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि वडिलांना दवाखान्यात न्यायला म्हणून पहाटेच बायकोमुलाला घेऊन आला होता. पुढे जस्टिन आणि शांतवन बसले. मागे एका खिडकीशी हेलन, दुसऱ्या खिडकीशी जस्टिनची बायको सिल्व्हिया, आणि मधे त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा नोहा. नोहाला कोणी मधे बसवलं नव्हतं. पण गेलं वर्षभर आत्या आणि आई यांच्यामध्ये कोणीतरी बसावंच लागे.

कारण साधं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या कापणीच्या सणाला चर्चमध्ये वस्तूंचा लिलाव झाला, त्यात हेलनने आपल्या हातचं लिंबाचं लोणचं दिलं होतं. सिल्व्हियाने ती बरणी चढाओढीने बोली लावून घेतली. हेलन सुखावली. पुढच्या वर्षीच्या लिलावात सिल्व्हियाने एक बरणी अर्पण केली. हेलनने झाकण बघितलं. तीच बरणी होती, तेच झाकण, झाकणावर हेलनच्याच अक्षरात तारीख. वर्षभरात कोणी ते उघडूनही बघितलं नव्हतं. त्या रविवारपासून दोघींमधलं सगळं बोलणं जस्टिनमार्फत चाले. समोरासमोर बसल्या असल्या तरी.

"जस्टिन," हेलन आत्ताही म्हणाली, "तुझ्या बायकोला म्हणावं, काच वर कर. बाबांच्या डोळ्याला वारा लागतोय."

"अहो," सिल्व्हिया म्हणाली, "ताईंना सांगा, मी नर्स आहे. वारा समोरून येतोय, माझ्या काचेतून नाही."

जस्टिनने दोन्ही निरोप ऐकले आणि स्वतःची काच वर केली.

धरणावर शांतवन तासभर उभे राहिले. पाणी बघितलं, डोंगर बघितले, पलीकडच्या काठावरच्या गाई एक एक करून मोजल्या. त्यांना तिथून हलवेपर्यंत सूर्य बुडाला होता आणि कार्तिकातली थंडी अंगाला झोंबायला लागली होती. खाली शेंडी गावात आले तर आठवड्याच्या मधल्या वारी एकही हॉटेल उघडं नाही. आणि शांतवनांची गोळी जेवणानंतरची.

"मी उपाशी पोटी घाट उतरणार नाही," त्यांनी सांगून टाकलं. "डॉक्टरांचा हुकूम आहे."

तेवढ्यात नोहाला एक पाटी दिसली. 'घरगुती जेवणाची सोय'. पाटीमागे कौलारू घर, अंगणात दिव्यांची माळ, मांडलेल्या खुर्च्या, आणि चुलीवरच्या कोंबडीच्या रश्श्याचा असा वास की जस्टिनने इंजिन बंद करायच्या आधीच दार उघडलं.

एक पन्नाशीचा माणूस, पांढरीशुभ्र टोपी आणि कडक इस्त्रीचा सदरा, धावतच फाटकापाशी आला.

"या, या, या! आमी चार वाजल्यापासून वाट बघतोय!"

जस्टिन बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "याला म्हणतात सेवा." त्याला वाटलं, नोहाने मोबाईलवरून कळवलं असेल. नोहाला वाटलं, पप्पांनी.

"सुप्याचेच ना तुमी?" त्या माणसाने विचारलं.

"सुप्याचेच," जस्टिन म्हणाला. गाडीच्या काचेवर कंपनीचं स्टिकर होतं, त्यामुळे त्याला नवल वाटलं नाही.

"मी हनुमंत. आन् ही आमची मंडळी, कडूबाई. आवं, पानी आना पाय धुवायला!"

हेलनने आजवर बऱ्याच हॉटेलांत जेवण केलं होतं, पण पाय धुवायला घंगाळात कोमट पाणी कुठे मिळालं नव्हतं. कडूबाईने तर शांतवनांच्या खांद्यावर कोरा टॉवेल टाकला आणि वाकून नमस्कार केला. हेलनने मनातल्या मनात या जागेला दहापैकी नऊ गुण दिले. उरलेला एक गुण तिने कधीच कोणाला दिला नव्हता.

ते ओसरीवर बसले. जरा वेळाने आतून एक मुलगी आली. हिरवी साडी, डोळ्यांत धारदार हुशारी, हातात पोह्यांचा ट्रे. तिने सगळ्यांना बशा दिल्या आणि जायच्या ऐवजी समोरच्या खुर्चीवर, बरोबर नोहाच्या पुढ्यात, बसली. खाली बघत नव्हती. नोहाच्या तोंडाकडे बघत होती, जसं पोस्टातलं माणूस पाकिटावरचा पत्ता बघतं तसं.

वाढणारी बसते, हे हेलनला जरा खटकलं. पण घरगुती म्हटल्यावर चालायचंच. आणि समोर तरुण मुलगी दिसली की तिची चौकशी केल्याशिवाय हेलनला राहवत नसे. पस्तीस वर्षांची सवय.

"नाव काय तुझं?"

"धनश्री."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. ॲग्री. पहिल्या वर्गात."

हेलनचा घास हातातच राहिला. "पहिल्या वर्गात? मग हे काम का करतेस तू?"

"कोणतं काम?"

"हेच. नटूनथटून, ट्रे घेऊन परक्या माणसांसमोर यायचं. तुझ्यासारखीने?"

हनुमंताला ठसका लागला. धनश्रीने हेलनकडे रोखून बघितलं आणि तिचे डोळे हसले.

"मॅडम," ती म्हणाली, "हाच प्रश्न मला पडलाय. आजपर्यंत विचारलं कोणी नव्हतं."

"पाव्हनं गमतीदार हायेत," हनुमंत घाईघाईने म्हणाला. "मुलाचं नाव काय म्हनला?"

"नोहा," नोहा म्हणाला.

हनुमंताने बायकोकडे बघितलं. "लाडाचं नाव असंल," कडूबाई पुटपुटली.

जस्टिनला भूक लागली होती. त्याने पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि सरळ मुद्द्यावर आला. "बरं, काय काय येतं बनवायला?"

"समदं येतं!" कडूबाई म्हणाली. "भाकरी येती, पुरनाची पोळी येती, कोंबडी तर अशी करती की बोटं चाटाल. नागलीचे पापड येत्यात. आन् मधाच्या चाळीस पेट्या हायेत तिच्या, मधमाश्या पाळती."

"वा! मग आम्हाला पसंत आहे," जस्टिन म्हणाला.

हनुमंत उठून उभा राहिला. "आँ? लगेच?"

"लगेच म्हणजे? परत परत कोण येतंय इतक्या लांब? आज आलोय तर आजच उरकून घेऊ की. काय सिल्व्हिया?"

"हो," सिल्व्हिया म्हणाली, "उगीच वेळ नको लावायला. नोहाला तर सकाळपासून धीर निघत नाहीये."

नोहाने खरंच सकाळपासून एका वडापावावर दिवस काढला होता. त्याने जोरात मान हलवली. धनश्रीने तोंडावर पदर धरला. तिचे खांदे हलत होते. हेलनला वाटलं, पोरीला थंडी वाजतेय.

हनुमंताने टोपी सारखी केली. "आन्... देन्याघेन्याचं?"

"ते शेवटी बघू," जस्टिन म्हणाला. "जे काय असेल ते. मी घासाघीस करणारा माणूस नाही."

"न्हाई, पन आमी द्यायचं म्हंजे काय..."

"तुम्ही?" जस्टिन हसला. "तुम्ही कशाला देताय? रीतच आहे की. आम्ही देणार!"

हनुमंताच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो जवळजवळ पळतच आत गेला, आणि आतून त्याचा आवाज हेलनला स्पष्ट ऐकू आला, "अगं, देव मानूस हाय! ते देनारेत म्हने!"

हेलनला या माणसाच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटलं. गिऱ्हाईक पैसे देणार म्हटल्यावर इतका आनंद होणारा हॉटेलवाला तिने बघितला नव्हता. या भागात लोक फुकट जेवून जातात की काय, अशी तिला शंका आली.

मग पानं मांडली. नागलीच्या भाकरी, गावरान कोंबडीचा लालभडक रस्सा, वाटणाची आमटी, वाफाळलेला भात, आणि शेवटी तुपात न्हालेल्या पुरणपोळ्या. शांतवनांनी हात जोडले तसे सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "या अन्नाबद्दल आणि ज्या हातांनी ते रांधलं त्या हातांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. या घरावर आणि या घरच्या लेकीवर तुझा आशीर्वाद असू दे. आमेन."

दारात उभ्या असलेल्या कडूबाईने डोळ्यांना पदर लावला. "माळकरी दिसत्यात," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली.

"माळकरी कोंबडी खात्यात व्हय?" हनुमंत कुजबुजला. "दुसरा कंचातरी सत्संग असंल."

आणि अमोलिक जेवले. कसे जेवले ते हेलनला नंतर कोणालाही सांगता आलं नाही, कारण सांगायची लाज वाटे. जस्टिनने पाच भाकरी खाल्ल्या. नोहाने पातेल्याचा तळ दिसेपर्यंत रस्सा मागितला. शांतवनांनी पुरणपोळी हातात धरून नव्या डोळ्यासमोर फिरवली, म्हणाले, "रंग बघा कसा आहे," आणि एकामागून एक चार पोळ्या फस्त केल्या. हेलनने आमटी परत पाठवली. "मीठ कमी आहे," ती कडूबाईला म्हणाली, "पुढच्या वेळी लक्ष ठेवा." कडूबाईने बिचारीने मान खाली घालून आमटी नेली आणि मीठ घालून परत आणली.

"अहो," सिल्व्हिया म्हणाली, "ताईंना म्हणावं, मीठ बरोबर होतं."

"तुझ्या बायकोला म्हणावं," हेलन म्हणाली, "तिला चव कळत असती तर दोन वर्षांपूर्वीच कळली असती."

जेवण आटोपलं. जस्टिनने हात धुतले, ढेकर दिली आणि खिशातून पाकीट काढलं. "हनुमंतराव, बिल आणा."

"कसलं बिल?"

"जेवणाचं."

हनुमंत हसला. मग हसायचा थांबला. आणि नेमक्या त्याच क्षणी फाटकापाशी एक जीप येऊन उभी राहिली. तिच्यातून गुलाबी फेटा बांधलेला एक धिप्पाड माणूस उतरला, त्याच्यामागे दोन बायका, आणि सगळ्यात शेवटी निळ्या कोटातला एक सडपातळ तरुण.

"हनुमंतराव का?" फेटेवाला गरजला. "रामराम! मी श्रीमंत. मुलाचा मामा. फोनवर बोललो हुतो न्हाई का आपन? लई उशीर झाला, गाडी दोनदा पंक्चर झाली बघा. हा आमचा भाचा, हर्षल. सुप्याहून आलोय."

हनुमंताने जीपकडे बघितलं. मग ओसरीकडे बघितलं. मग पुन्हा जीपकडे.

"तुमी सुप्याचे?" तो क्षीण आवाजात म्हणाला. "मग हे कोन?"

शांतवनांनी टॉवेलने मिशा पुसल्या आणि नम्रपणे म्हणाले, "आम्ही गिऱ्हाईक."

हेलनच्या डोक्यात एकेक वाक्य उलट्या क्रमाने फिरायला लागलं. आम्ही देणार. आजच उरकू. नोहाला धीर नाही. काय काय येतं बनवायला. आणि तिचं स्वतःचं, नटूनथटून परक्या माणसांसमोर. हेलन अमोलिकच्या आयुष्यात जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. तिने आत धाव घेतली, निदान त्या बाईची माफी तरी मागावी म्हणून.

कडूबाई चुलीपुढे रिकामं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. परातीत अर्धी भाकरी उरली होती, तीही करपलेली.

"आता काय वाढू मी त्यांच्या पानात?" ती म्हणाली. "आज खानावळ बंद ठिवून सकाळपासून रांधलं हुतं वो. समदं तुमी खाल्लं."

हेलन चुलीकडे सरकली. पण तिच्या आधीच तिथे कोणीतरी आलं होतं. सिल्व्हिया ओढणी कमरेला खोचून डबे उघडत होती.

"हे कसलं पीठ, कडूबाई?"

"हुलग्याचं."

"लसूण आहे? मिरच्या?"

"हाय की."

"मग शेंगोळी," सिल्व्हिया म्हणाली.

"शेंगोळीच," हेलन त्याच क्षणी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जस्टिन तिथे नव्हता. निरोप्याशिवाय पुढचं वाक्य कसं बोलायचं, हे दोघींनाही पटकन कळेना. मग चुलीतलं लाकूड फुटलं, ठिणगी उडाली, आणि सिल्व्हिया म्हणाली, "ताई, तुम्ही मळा. मी फोडणी टाकते."

"पाणी जास्त घाल," हेलन म्हणाली. "माणसं वाढलीत."

मग त्या स्वयंपाकघरात जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. हेलन कोपरापर्यंत पिठात. सिल्व्हिया खलबत्त्यात लसूण चेचत होती. कडूबाई बसल्या बसल्या तळहातावर शेंगोळ्या वळायला लागली.

"एवढी जाड वळतात का, ताई? ही शेंगोळी आहे की शेतातलं रताळं?"

"आमच्या आईची अशीच असायची."

"आईंची बारीक असायची. मला शिकवली त्यांनी. तुम्ही तेव्हा दिवसभर शाळेत शिकवत होतात, तुम्हाला काय माहीत?"

ते खरं होतं. हेलनने हातातली शेंगोळी मोडली आणि बारीक वळायला घेतली. वळता वळता तिला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग दाबता येईना. "नोहाला धीर निघत नाहीये!" ती कशीबशी म्हणाली, आणि सिल्व्हियाच्या हातातला बत्ता खाली पडला. दोघी पिठाच्या हातांनी डोळे पुसत हसल्या. त्यांच्याकडे बघून कडूबाईही हसली, जरी तिला अजून रडूच येत होतं.

धनश्री दारात उभी होती.

"मी ओळखलं होतं," ती म्हणाली. "पोहे देतानाच. मुलाच्या मामांनी माझ्या मोबाईलवर पाठवलेल्या फोटोतला मुलगा हा नव्हे."

कडूबाईचा हात थांबला. "आन् बोलली न्हाईस?"

"बोलणार होते. पण या मॅडमनी विचारलं, हे काम का करतेस. आई, आतापर्यंत चार जण बघून गेले. एकाने रंग बघितला, एकाने उंची, एकाची आई म्हणाली चालून दाखव. हे कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, बसू दे यांना थोडा वेळ. जेवू दे पोटभर."

"फारच पोटभर झालं," हेलन म्हणाली. तिने हात धुतले. "मला सांग, तुला काय हवंय?"

"माझ्या पेट्या सोडायच्या नाहीत मला. दोन वर्षं लागली त्या बसवायला. बाकी मुलगा बरा असेल तर माझी ना नाही. पण तो बरा आहे की नाही हे कळणार कसं? बोलतात फक्त मामा."

बाहेर खरंच फक्त मामा बोलत होते. श्रीमंतमामांना अजून कोडं उलगडलं नव्हतं, आणि हनुमंताने घाबरून सगळ्यात सोपा मार्ग धरला होता. हेलन ओसरीवर आली तेव्हा तो म्हणत होता, "हे माजे चुलते. हे चुलतभाऊ, जस्टि... जयसिंग. आन् ही, ही मुलीची आत्या."

हेलनने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग ती पदर सावरून खुर्चीत बसली, जशी पालकसभेत बसायची तशी.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी आत्या."

जस्टिन आणि नोहा पाण्याचे तांबे घेऊन फिरत होते. पोहे संपले होते म्हणून नोहाने गाडीतला बिस्किटांचा पुडा बशीत मांडून आणला होता. त्याच्या मागोमाग सिल्व्हिया वाफाळलेल्या शेंगोळ्यांच्या वाट्या घेऊन आली आणि पाहुण्यांपुढे ठेवल्या. झणझणीत वास अंगणभर पसरला. पाहुण्यांपैकी कोणी वाटीला हात लावेना. श्रीमंतमामांनी चमचा उचलला, खाली ठेवला आणि दोन्ही बायकांकडे चोरून बघितलं.

"घ्या ना," हेलन म्हणाली.

"घेतो की," मामा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. निळ्या कोटातल्या हर्षलला ते बघवेना.

"खरं सांगतो," तो एकदम म्हणाला. त्या संध्याकाळचं त्याचं हे पहिलंच वाक्य. "गाडी एकदाच पंक्चर झाली. दुसऱ्यांदा आम्ही राजूरला ढाब्यावर मटण खाल्लं. मामा म्हणाले, पोरीकडचे नीट जेवायला घालतील न घालतील. आमची पोटं भरलीत. माफ करा."

"हर्षल!" मामा ओरडले.

आतून कडूबाईचं हसणं ऐकू आलं. हेलनला मात्र तो मुलगा त्या क्षणी आवडला. इतक्या मोठ्या मामासमोर खरं बोलणं सोपं नव्हतं.

"तुला काय काय येतं बनवायला?" तिने विचारलं.

"आँ?" मामा म्हणाले.

"मुलाला विचारतेय मी."

"चहा," हर्षल म्हणाला. "आणि खिचडी. खिचडी कधी कधी खाली लागते."

"मधमाश्यांची भीती वाटते?" हा प्रश्न धनश्रीचा होता. ती ट्रे न घेता आली होती आणि दाराला टेकून उभी होती.

हर्षलने तिच्याकडे बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. "लई वाटते," तो म्हणाला. "लहानपणी एकीने ओठाला चावलं होतं. आठवडाभर शाळेत गेलो नव्हतो."

"कुठल्या ओठाला?"

"खालच्या."

धनश्री त्या ओठाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

श्रीमंतमामा खुर्चीत पुढे सरकले. "ते असूं द्या. आमची पसंती हाय. तुमचं काय ते आत्ताच सांगा, म्हंजे सुपारी फोडून टाकू."

हनुमंत हो म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात हेलन उठली. तिने चष्मा सारखा केला. धनश्री तिच्याकडे बघत होती.

"आम्ही विचार करून कळवतो," हेलन म्हणाली.

मामांचा फेटाच हलला. "तुमी कळवनार? अवो, मुलाकडचे कळवत असत्यात!"

"असतील. आमच्याकडे आत्या कळवते. नंबर लिहून घ्या."

आणि मामांनी, का कोण जाणे, शाळेतल्या पोरासारखा मुकाट्याने नंबर लिहून घेतला.

पाहुणे गेले. तयार शेंगोळी राहिली होती. हनुमंत आणि कडूबाई सकाळपासून उपाशी होते, म्हणून ते बसले. मग त्यांच्याबरोबर शांतवन बसले, कारण त्यांच्या मते शेंगोळी हे जेवण नव्हे. मग सगळेच बसले. जस्टिनने पुन्हा पाकीट काढलं तेव्हा हनुमंत रागावला. "भनीकडून पैसं घेतो का मी? ठिवा ते आत." मघाच्या सगळ्या गोंधळात तो एक गोष्ट खरी धरून बसला होता, की हेलन त्याची बहीण आहे, आणि ती त्याला सोडायची नव्हती. निघताना कडूबाईने हेलनच्या ओटीत खण घातला, सिल्व्हियाच्या हातात मधाची बाटली दिली, आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहून ओरडत राहिली, "पुन्यांदा या! सांगून या!"

घाट उतरताना नोहा पुढे बसला. आजोबांना मागे आडवं व्हायचं होतं, म्हणून हेलन आणि सिल्व्हियाला चिकटून बसावं लागलं.

शुक्रवारी दुपारी कोल्हारच्या घरी फोन वाजला. शांतवन खिडकीशी बसून नव्या डोळ्याने शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या मोजत होते. हेलनने फोन उचलला.

"आत्याबाई का?" आवाज दबकत आला. "मी श्रीमंत. मुलाचा मामा. ते... कळवनार हुता तुमी."

"हो."

"तसं आमचं काय घाई न्हाई. पन हर्षल जेवंना झालाय. दोन दिस झालं, मधमाश्यांचे व्हिडिओ बघत बसलाय. म्हनतो, पेट्या हायेत तिथंच राहू द्या, मी सुट्टीला जात जाईन. आन् एकदा एकट्याने जाऊन पेट्या बघू का, असं विचारतोय. मी येनार न्हाई म्हनं संगं. मलाच म्हनतो, तुमी येऊ नका!"

हेलनने हसू दाबलं. धनश्रीचा सकाळीच फोन येऊन गेला होता. तिने आडून आडून एवढंच विचारलं होतं, आत्या, त्या सुप्याच्या लोकांचं काही कळलं का. आणि मग बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलली होती.

"थांबा," हेलन म्हणाली. "असं एकदम सांगता येत नाही. मुलीच्या काकूंशी बोलून कळवते."

तिने फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि सुप्याचा नंबर लावला. दोनदा वाजल्यावर पलीकडून सिल्व्हियाचा आवाज आला. जरा थबकलेला.

"हॅलो? ताई? थांबा हं, यांना देते."

"जस्टिनला देऊ नकोस," हेलन म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. "तुझ्याशीच बोलायचंय."